मोसंबीचा कोळसा

आमच्या माहेरी कुणाला सरळ ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘हो, हो’ म्हणतात, मान डोलावतात, चहा पाजतात आणि मग आपल्याला हवं तेच करतात. मीही त्याच घरात वाढले, पण लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि वर्षानुवर्षं पोरांना ‘हे चूक’ असं तोंडावर सांगून माझी ती सवय मोडली. त्यामुळे माहेरी मी भांडखोर ठरले आहे. ठरले तर ठरले. पण मोसंबीच्या लाकडाचा कोळसा करायचा घाट मी ज्या उन्हाळ्यात घातला, त्या उन्हाळ्यात या लोकांनी माझ्या नाकी नऊ आणले, ते मात्र मी विसरायची नाही.

आमचं गाव आष्टीजवळ. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीच्या वरच्या अंगाला मोसंबीची बाग लावली होती. ते होते तोवर बाग होती. ते गेल्यानंतर भावानं दोन-तीन उन्हाळे टँकर आणून झाडं जगवली, मग विहीर दिवसाला तासाभराच्या उपशावर आली आणि बाग उभ्या उभ्या वाळली. माझा भाऊ माझ्याहून लहान. तो तसा कामाचा माणूस आहे, उगीच बोल लावायचा म्हणून नाही सांगत. त्यानं कटर आणून झाडं पाडली, फांद्या तोडल्या आणि बांधाला भलामोठा ढीग घातला. त्याला तिथं कपाशी लावायची होती. वीटभट्टीवाला येऊन ढीग बघूनही गेला होता.

आणि आई आडवी आली. तिचं म्हणणं एवढंच, की हे लाकूड वावराबाहेर जाणार नाही. का, तर जाणार नाही. भट्टीवाल्याला तिनं चहासुद्धा विचारला नाही, आणि आमच्या घरात यापेक्षा मोठा अपमान नसतो. ढीग तसाच पडून राहिला. खालून वाळवी लागली. भाऊ मला फोन करून रडगाणं गायचा, भावजय वेगळा फोन करून तेच गायची, आणि आई तर फोनवरच यायची नाही.

मग मीच शहाणपणा केला. लाकूड उघड्यावर जाळलं तर राख होते, पण हवा न देता जाळलं तर कोळसा होतो, हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. हा कोळसा बारीक करून शेणाच्या पाण्यात मुरवला आणि मातीत मिसळला, की तो तिथंच राहतो, पाणी धरतो, खत धरतो. आता त्याला बायोचार म्हणतात. मी आईजवळ बसून तिला हे सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

“राख व्हईल का?”

“राख न्हाई. राख वाऱ्यानं उडून जाती. कोळसा मातीत राहतो. तुझ्या नातवंडांच्या पोरांनी वावर नांगरलं तरी तो तिथंच असंल.”

आईनं पदर सावरला आणि भावाला म्हणाली, खड्डा खण.

मला वाटलं, जिंकलो. या घरात आईनं हो म्हटलं म्हणजे काय असतं, हे मी तोवर विसरले होते.

पद्धत अवघड नव्हती. वर रुंद, खाली निमुळता असा कमरेइतका खड्डा. तळाशी बारीक काटक्या पेटवायच्या. त्यांच्यावर पांढरी राख धरायला लागली की वर लाकडाचा दुसरा थर टाकायचा, त्यावर धरली की तिसरा. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, खालच्या लाकडाला हवाच मिळत नाही, ते जळायचं थांबतं आणि कोळसा होतो. खड्डा भरत आला आणि शेवटच्या थरावर पांढरं दिसलं, की लगेच पाणी ओतायचं. भरपूर. सगळा विस्तव गार होईपर्यंत. तिथं हयगय केली की संपलं. कोळसाच जळायला लागतो आणि हाती राख उरते. हे सगळं मी भावाला फोनवर समजावलं, कारण माझे दहावीचे जादा तास चालू होते. त्यानं ‘हो, अक्का’, ‘बराबर, अक्का’ म्हणत ऐकून घेतलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, झालं म्हणून.

रविवारी मी परतूरला एसटीनं गेले, तिथून जीपनं गावात, आणि थेट वावरात. खड्ड्यात राख होती. तळाला चार कोळसे, बाकी सगळी पांढरी, मऊ, फुंकरीनं उडणारी राख. मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, ऐन वेळेला लाइट गेली, मोटार बंद पडली, पाणीच नव्हतं.

ठीक आहे. लाइटचं मी समजू शकते. मी आष्टीच्या बाजारातून मोठा प्लास्टिकचा ड्रम घेतला, टेम्पोत टाकून वावरात आणला आणि खड्ड्याशेजारी ठेवून दिला. म्हटलं, आदल्या दिवशी भरून ठेवा, म्हणजे लाइटचं कारण नको. भाऊ म्हणाला, हे बाकी बेस्ट केलं अक्का.

पुढच्या वेळी ड्रम भरायचा पाइप उंदरांनी कुरतडला होता. मी पाइप नेला. त्याच्या पुढच्या वेळी नेमकी म्हैस व्यायली होती. प्रत्येक वेळी खड्ड्यात राख, आणि प्रत्येक वेळी नवं कारण, आणि ते सांगतानाचा भावाचा तो निष्पाप चेहरा, जो तो लहानपणी गूळ खाल्ल्यावर करायचा. ढीग मात्र कमी होत होता. निम्मी बाग वाऱ्यावर गेली होती.

मधल्या काळात आणखी एक डोकेदुखी उपटली. एमआयडीसीत कामाला असलेला आमचा एक चुलतभाऊ आहे. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. त्यानं भावाला फोनवर सांगितलं, की वेड्या, कोळसा मातीत काय घालून राह्यला, पाण्याच्या फिल्टरमध्ये जो कार्बन असतो तो हाच, शहरात सोन्याच्या भावानं जातो. झालं. राखेतून जे काही चार कोळसे वाचले होते ते भावानं कुटले, बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात वाळूवर घातले आणि वरून विहिरीचं गढूळ पाणी ओतलं. खालून शाईसारखं काळं पाणी आलं. ते त्यानं बाटलीत भरून मला दाखवायला ठेवलं होतं, आणि वर माझ्यावरच नाराज, की तुझा कोळसा हलका निघाला.

मी त्याला समजावलं, की फिल्टरचा कोळसा वेगळा. त्याला बंद भट्टीत लाल होईपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडतात, मग त्याच्या अंगाला न दिसणारी लाखो छिद्रं पडतात, ती घाण धरून ठेवतात. ते कारखान्याचं काम, आपल्या खड्ड्याचं नव्हे. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, मंग वाफ आपण कुकरनं देऊन बघायची का? मी हात टेकले.

त्यानंतरच्या रविवारी मी कुणाला न कळवता गेले. खड्ड्यातून अजून धूर येत होता. पुन्हा राख. आणि शेजारी माझा निळा ड्रम काठोकाठ भरलेला. पाणी इतकं निवांत, की कडेला मधमाश्या बसून पीत होत्या.

मला जे काही वाटलं ते सांगायला मराठी भाषा अपुरी आहे. मी तिथूनच ओरडत घराकडं आले. भाऊ ओट्यावर जेवत होता. मी विचारलं, आज काय झालं? लाइट? उंदीर? म्हैस? तो घास हातात धरून बसला आणि म्हणाला, गडी आला नाही. बादलीभर पाणी उचलून ओतायला गडी लागतो का, असं मी विचारलं तर म्हणाला, माझी पाठ धरली होती. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणाला, तू तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकती, तुला काय कळतं. शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी भावजयीला राहवलं नाही. ती भाकरी थापता थापता, वर न बघता बोलली.

“अक्का, त्यांना कामून बोलून राह्यल्या? आत्याबाई पाणी वतू देत न्हाईत. दर बारीला येऊन बसत्यात तिथं. आन तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणून आमाला शपथ घातली.”

भावानं ताटात बघितलं. म्हणजे उंदीर नव्हते. मी तो पाइप परतूरहून खांद्यावर घालून आणला होता.

आई मागच्या दारी तुरीची डाळ निवडत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि तिनं मान वर केली नाही. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, पेटत्या विस्तवावर पाणी घालत नसत्यात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडं चूल कधी पाण्यानं विझवत नाहीत. स्वयंपाक झाला की लाकडं मागं ओढायची, निखाऱ्यांवर राख लोटायची आणि चूल आपली आपण शांत होऊ द्यायची. लहानपणी एकदा मी उतू गेलेलं दूध बघून चुलीत तांब्याभर पाणी फेकलं होतं, तर आजही गाल चोळावासा वाटतो. विस्तवावर पाणी फक्त एका ठिकाणी ओततात. माणूस गेल्यावर, तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या आधी. दूध आणि पाणी.

पण खड्डा म्हणजे चूल आहे का? मी आईला म्हटलं, की हे काम आहे, जसं लोहार तापलेलं लोखंड पाण्यात घालतो तसं. ती म्हणाली, लोखंड तुझ्या अण्णांनी लावलं व्हतं का? मी म्हटलं, पाणी घातलं नाही तर राख होते, आणि राख नको असं तूच म्हणाली होतीस. ती म्हणाली, तुझं शाळेतलं शाळेत. मग मी विचारलं, हे मला का नाही सांगितलं? माझे इतके रविवार गेले, बाग गेली. तर शांतपणे म्हणाली, तू भांडली असती.

आता यावर माणसानं काय करावं? ज्या बाईला लाकूड वावरातच हवंय तीच ते वाऱ्यावर उडवून देत होती, आणि दोष माझ्या तोंडाचा.

शेवटी तिनंच तोडगा काढला. पाणी नको, माती लोटा. हवा लागणार नाही म्हणजे विझंल, तूच सांगती ना हवेचं? मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे मीही मुकाट्यानं मान्य केला. त्या दिवशी मी थांबले. खड्डा पेटवला, थर लावले, पांढरं दिसल्याबरोबर भावानं आणि मी फावड्यानं माती लोटली. उन्हाळ्यातली काळी माती ती, भेगाळलेली, सगळी ढेकळं. तरी आम्ही चांगला वीतभर थर दिला. आईनं समाधानानं मान हलवली. चुलीवर राख लोटल्यासारखंच दिसत होतं.

सकाळी मी जालन्याला निघाले तेव्हा ढेकळांच्या फटींतून धूर येतच होता. दुपारी भावाचा फोन आला. माती काढली, तर आत निखारे लालभडक, आणि कोळसा बहुतेक खाऊन टाकलेला. आणि तेव्हा, वर्गाच्या दारात खडू हातात घेऊन उभी असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुलीतला विस्तव आपण राखेनं झाकतो तो विझावा म्हणून नाही. सकाळपर्यंत जिवंत राहावा म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातल्या बायका हेच करत आल्या, आणि मी, विज्ञानाची बाई, तेच करून कोळसा विझायची वाट बघत होते.

त्यानंतर भावाचा धीर संपला. पेरणी तोंडावर आली होती, पट्टा मोकळा हवा होता. त्यानं भट्टीवाल्याला फोन करून टाकला; सोमवारी सकाळी ट्रॅक्टर येणार, राहिलेला ढीग घेऊन जाणार. आईला त्यानं सांगितलं की नाही, मी विचारलं. म्हणाला, सांगितलं. काय म्हणाली? डाळ निवडत राहिली. मग मला म्हणाला, अक्का, रविवार हाय तुझ्याकडं. एक.

मी जाणार नव्हते. मी स्वतःला बजावलं होतं, की पालथ्या घड्यावर किती पाणी घालायचं. आणि रविवारी पहाटेच्या एसटीत बसले होते.

गेले तर भावानं खड्डा मोठा करून ठेवलेला. लांबट, उरलेला सगळा ढीग मावेल एवढा. ड्रम भरलेला, शेजारी घरातल्या सगळ्या बादल्या आणि दोन घागरी. भावजयीनं चहाचं सामान आणलं होतं. आई आधीच येऊन मोसंबीच्या एका तुटक्या बुडख्यावर बसली होती, पाठमोरी.

वारा पडला होता. मोसंबीचं लाकूड जळताना सालीचा वास येतो, वाळलेल्या लाकडालासुद्धा, अगदी पुसट. एक थर, दुसरा थर. भाऊ लाकडं टाकत होता, मी पांढऱ्यावर नजर ठेवून होते. ऊन चढलं, तोंड भाजायला लागलं. ढीग संपला. बांधाला नुसता भुसा आणि काटे राहिले. वरच्या लाकडांच्या अंगावर पांढरं धरायला लागलं.

मी बादली उचलली.

“थांब,” आई म्हणाली.

ती उठून खड्ड्याच्या काठाशी आली होती. मी चिडले होते. मी म्हटलं, “आई, आता थांबले तर उरलीसुरली बाग गेली. तुला काय पाहिजे ते तू सांग. मी तुला इचारून राह्यले, सरळ सांग.”

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती भावाकडं वळली.

“तिसऱ्या दिवशी तेंच्यावर पाणी तू वतलं व्हतं ना?”

भाऊ गोंधळला. “हो. दूध आन पाणी.”

“विस्तव व्हता का तवा?”

“मधी व्हता थोडा.”

“मंग थंड झाल्ता का बराबर?”

आमच्या भावकीत बायकांना स्मशानात नेत नाहीत. अण्णांच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते आणि पुरुष मंडळी परत आल्यावर कुणीतरी ‘सगळं व्यवस्थित झालं’ म्हणाल्याचं मला आठवत होतं. आईनं हा प्रश्न एवढी वर्षं कुणालाच विचारला नव्हता, आणि मला खात्री होती की भाऊ आता ‘हो’ म्हणणार. आमच्या घरात हो म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, म्हण बाबा हो.

“न्हाई बघितलं, आई,” भाऊ म्हणाला. “ऊन व्हतं. सगळे जल्दी करून राह्यले व्हते. वरून तांब्या वतला, कडंची राख भरली आन आल्तो आम्ही.”

एवढं सरळ उत्तर त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

लाकडांवर पांढरं दाट होत चाललं होतं आणि माझ्या हातातली बादली जड झाली होती. मग आईनं भावजयीकडं हात केला. भावजयीला तिच्या सासूचं न बोललेलंही कळतं. तिनं चहासाठी आणलेलं दूध तांब्यात ओतलं, घागरीतलं पाणी मिसळलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. आईनं पदर डोक्यावर घेतला. काठावरून वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, तिनं तो तांब्या विस्तवावर रिता केला. वाफेचा लोट उठला, ती मागं सरकली नाही.

“वत आता,” ती मला म्हणाली. “सगळं वत. नुसतं वरवर नको.”

आम्ही तिघांनी ड्रम रिकामा केला, घागरी रिकाम्या केल्या. भावानं मोटार चालू केली. लाइट होती. आई पाइप धरून उभी राहिली आणि कुठंही धूर दिसला की तिकडं पाणी सोडायची. चिखल झाला, वाफ थांबली, तरी ती पाइप सोडेना. भाऊ म्हणाला, विहिरीत पाणी न्हाई राहायचं, आई. ती म्हणाली, नको राहू.

सोमवारी सकाळी ट्रॅक्टर आला. भावानं ड्रायव्हरला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. मी निघायच्या आधी वावरात गेले, तर आई माझ्या आधी पोचलेली. खड्डा काळाभोर भरलेला होता, लाकडांचे आकार तसेच, गाठीसुद्धा ओळखू येत होत्या. माझ्या ओठांवर आलं होतं, की हेच आधी विचारलं असतंस तर अख्खी बाग वाचली असती. खरंच आलं होतं, आणि मी अजूनही म्हणते की ते माझं चूक नव्हतं.

पण ती काठाशी बसली होती आणि तिनं उजवा हात कोळशात खुपसला होता, आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग खांदा टेकेल इतका. डोळे मिटून ती तळ चाचपत होती. बऱ्याच वेळानं तिनं हात बाहेर काढला, काळा, ओला, आणि माझ्या गालाला लावला.

“बघ,” ती म्हणाली. “खालपर्यंत थंड हाय.”